सहा लाख अकरा हजार नऊशे त्रेपन्न

"सहा, एक, एक, नऊ, पाच, तीन," मनगटावरची पट्टी डोळ्यांजवळ नेत बाबांनी आकडे सांगितले. "लिहिलंस? ही मूळ संख्या आहे का, ते मी बाहेर आलो की सांग. मोबाइलला विचारायचं नाही."

"बाबा, आज तरी पुरे करा."

"आजच तर हवंय," ते म्हणाले, आणि स्ट्रेचर आत गेलं.

हा त्यांचा जुना उद्योग. टपालाच्या सॉर्टिंगमध्ये हयात गेलेला माणूस. लेक रांगेत, दवाखान्यात, कुठेही चुळबुळायला लागली की तिच्या हातात एक आकडा ठेवायचा. "पोरीला खाऊ द्यायचा सोडून आकडे कसले देता?" म्हणून आई डोक्याला हात लावायची. आता लेक चाळिशीला आली होती, आई नव्हती, आणि आत बाबांचं हृदय उघडलं जात होतं.

तिने फाइलमधल्या एका कोऱ्या कागदावर भागायला सुरुवात केली. साताने बाकी सहा. अकराने एक. तेराने चार. वर्गमूळ ७८२, त्याच्या पुढे जायची गरज नव्हती, तरी सव्वाशेच्या वर भागाकार होते. दार उघडलं की ती मान वर करायची. मिटलं की ती पुढच्या आकड्याला लागायची. ४०९ ने बाकी ८९ उरली, तेवढ्यात सिस्टर बाहेर आल्या.

"सहा एक एक नऊ पाच पाच, कोण आहे बरोबर?"

कोणीच उठेना. सिस्टर तिच्यासमोर येऊन थांबल्या.

"ताई, तुम्हीच ना? रक्ताच्या आणखी दोन पिशव्या लागताहेत. सही करा."

ती ताडकन उठली.

"आमचा नंबर तीनवर संपतो. तुम्ही आत दुसऱ्याच कोणाला तर..."

"नाव वाचा की. ही त्यांची कालची सही."

नाव बाबांचंच होतं. सहीही तीच, शेवटी लांब शेपूट ओढलेली. आणि नंबरच्या शेवटी ठसठशीत पाच.

बाबा आकडा चुकतील? शक्यच नव्हतं. पाचवर संपणाऱ्या संख्येचा निकाल तिने स्ट्रेचर दाराशी पोचायच्या आत लावला असता. मग एवढे तास ती काय करत बसली असती? तिला रडू कोसळलं. सही करून, ओढणीने डोळे पुसून तिने ४१९ घेतलं.

शेवटी ७७३ ने बाकी ५१० उरली. मूळ संख्याच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी घशातली नळी काढल्यावर तिला आत सोडलं. बाबांनी डोळे किलकिले केले. आवाज खरवडल्यासारखा येत होता.

"काय निघालं?"

तिने घडी केलेला कागद मुठीत घट्ट धरला.

"अजून चाललंय, बाबा. बरेच भागाकार राहिलेत. थांबावं लागेल तुम्हाला."

"सावकाश कर," बाबा म्हणाले. "मला कुठे जायचंय."