कवळीसारखी बसलेली काठी

आजारपणात भाऊजींचा डावा हात लुळा पडला आणि त्यांची निमुळती होडी अंगणात उपडी झाली. वल्हं मारायला मेव्हणा तयार होता. पण मासा गळाला लागेपर्यंत एका हाताने तासन्‌तास काठी धरून कोण बसणार? मेव्हण्याने काठीसाठी पाइपची खोबण केली; ती उन्हाने तडकली. मग लोखंडी केली. ती टिकली, पण ओढ बसताच होडीची कडच उचकटली.

"आता शेवटची," ताईने भावाला बजावलं. "ही फसली की होडी माझ्या दिरांकडे. रोज तिच्याकडे बघत झुरतात हे, मला बघवत नाही."

मेव्हण्याची हयात कवळ्या बनवण्यात गेली होती. त्याने मेणात काठीच्या मुठीचा ठसा घेतला.

"मेव्हणे, काठी आहे ती," भाऊजी म्हणाले, "अक्कलदाढ नाही!"

पाण्याने फुगणार नाही, उन्हाने तडकणार नाही असं काय असेल? शोधता शोधता त्याची नजर स्वयंपाकघरात गेली.

"माझा भाजी चिरायचा प्लास्टिकचा बोर्ड कुठाय रे?"

"संशोधनाला दिलाय, ताई."

बोर्डाचे जाड तुकडे एकावर एक जोडून त्याने ठशाबरहुकूम भोक कोरलं. या वेळी खोबण कडेला न ठोकता होडीच्या मधल्या आडव्या फळीला पट्ट्यांनी आवळली. तळ्यात मासा लागला, काठी वाकली, खोबण जागची हलली नाही. मेव्हणा खूश! भाऊजींनी काठी उपसायला हात घातला, तर ती निघेना. ओली मूठ टाळूला कवळी चिकटावी तशी चिकटलेली. भाऊजींनी हिसका दिला, होडी कलली, घोट्यापर्यंत पाणी आत आलं आणि दोरी तुटली.

भिजलेल्या दोघांना पाहून ताईने दिरांना फोन लावायला घेतला.

"उद्या लाव गं," मेव्हणा म्हणाला आणि ओल्या कपड्यांनीच भाऊजींसमोर बसला. "भाऊजी, काठी धरा बरं. मासा ओढतोय असं समजा."

तो वाकून, चष्मा कपाळावर सारून बघत राहिला. तळहाताचा मनगटाजवळचा भाग मुठीचं मागचं टोक वरून दाबत होता, तर्जनी पुढे खालून तोलत होती. बाकीची बोटं नुसती सोबतीला.

"अहो, तुम्ही घट्ट धरतच नाही!"

"घट्ट धरलं तर सोडणार कधी?"

मेव्हण्याचे डोळे लकाकले. त्याने करवतीने खोबण वरून उघडी केली. पुढे काठी टेकायला खाच ठेवली, मागे टोक अडकायला वरून ओठ. ओढ बसली की टोक ओठाखाली आणखी रुतणार. काठी पुढून उचलली की आपोआप सुटणार. निदान तसं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ताई काठावर उभी राहिली. फोन हातातच. काठी वाकली. भाऊजींनी एका हाताने ती सहज उचलली, गळ रुतवायला झटका दिला, आणि मेव्हण्याच्या ध्यानीमनी नसताना पुन्हा खोबणीत ठेवून दिली.

"अहो, ठेवताय काय?"

"मग दोरी गुंडाळायला रीळ कोण फिरवणार, तुमची कवळी?" रिकाम्या झालेल्या हाताने भाऊजी रिळाची मूठ फिरवू लागले.

मेव्हणा वल्हं विसरून बघत राहिला. हे त्याला सुचलंच नव्हतं. मासा होडीजवळ आला, उसळला आणि गळ सोडून पसार झाला.

"दिरांना काय सांगू?" ताई काठावरून ओरडली.

भाऊजी दातात दोरी धरून नवं आमिष लावत होते. त्यांनी दोरी सोडली. "सांग, होडी रिकामी नाही!"