तीस रोजे आणि अर्धा लिटर पाणी

दहावीचा शेवटचा पेपर झाला आणि दुसऱ्या दिवसापासून अम्मीला अकोल्याला नेण्याचं काम अमरीनने आपल्याकडे घेतलं. म्हणजे सांगितलं कुणी नव्हतं, तिनेच जाहीर करून टाकलं. अब्बू वरूडला होते. यंदा बागांतली अर्धीअधिक संत्री गळून गेली होती, उरलेली पेट्यांत भरून ट्रक लावण्यातच त्यांचा दिवस जायचा.

अम्मीला, नसीमबानोला, गर्भाशयाचा कॅन्सर होता. ऑपरेशन होऊन पिशवी काढली होती. आता पंचवीस दिवस शेक, म्हणजे रेडिएशन. बडनेऱ्याहून गाडीत बसायचं, अकोल्याच्या दवाखान्यात दीड वाजता नंबर, संध्याकाळी इफ्तारच्या आत घरी. रमजान चालू होता. अमरीनचा रोजा असायचा, अम्मीला मात्र घरच्या सगळ्यांनी मिळून मनाई केली होती, आणि तिनेही निमूट मान हलवली होती.

पहिल्याच दिवशी अमरीनने डॉक्टरांना गाठलं. जहीरमामूंनी मोबाईलवर मुंबईच्या एका मशीनचा व्हिडिओ पाठवला होता.

"सर, ते प्रोटॉनचं मशीन चांगलं असते ना? मग अम्मीले तिकडं नेऊ का?"

डॉक्टर हसले नाहीत, खुर्ची ओढून बसले. "प्रोटॉनचा किरण ठरलेल्या जागी जातो आणि तिथंच थांबतो. आपला किरण आरपार जातो, म्हणून आजूबाजूचं जपावं लागतं. पण तुझ्या अम्मीला हा शेक पुरेसा आहे, त्यासाठी एवढं लांब जायची गरज नाही. फक्त आतडी वाटेतून बाजूला राहिली पाहिजेत. त्यासाठी लघवीची पिशवी भरलेली हवी. शेकाच्या पाऊण तास आधी अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि धरून ठेवायचं. रोज."

अमरीनने तिथेच मामूंना मेसेज टाकला: मशीन तेच नाही, पण आपल्याकडं पाणी आहे!

आणि नेमकी पाण्यापाशीच गाडी अडली. मशीन चालवणाऱ्या ललिताताई शेकाआधी रोज छोटा स्कॅन करून बघायच्या. पहिल्या दिवशी लघवीची पिशवी रिकामी, दुसऱ्या दिवशीही रिकामी. दोन्ही दिवस अम्मीला खाली उतरवून बाहेर बसवलं, पुन्हा पाणी दिलं, तरी तेच. शेक न घेताच दोघी परत. तिसऱ्या दिवशी ललिताताई बाहेर येऊन म्हणाल्या, "आजही झालं नाही, तर डॉक्टर सगळं थांबवतील. ऑपरेशननंतर शेकाला उशीर चालत नाही गं."

अमरीन चक्रावली. रोज ती स्वतः बाटली भरून अम्मीच्या हातात द्यायची आणि कागदांच्या रांगेला जायची; परत यायची तेव्हा बाटली रिकामी असायची.

बाकावर शेजारी केशरबाई बसल्या होत्या, मूर्तिजापूरकडच्या. त्यांचाही शेक चालू होता. त्यांनी पदराने वारा घेत सरळ सांगून टाकलं, "काहून वं पोरी, डोये हायेत का बटनं? तुही माय पानी खिडकीतल्या कुंडीले घालते. मी तीन दिवसांपासून पाहून राहिली. कुंडीचं भलं झालं, मायचं काय?"

"केशरबाई!" अम्मी एवढंच म्हणाली आणि ओढणी सावरून भिंतीकडे बघू लागली.

अमरीन तिच्यासमोर उकिडवी बसली. "अम्मी, तुहा रोजा हाय?"

अम्मीने भिंतीकडे बघतच मान डोलावली.

"सगळे ठेवले?"

"अठरा झाले. हा एकोणिसावा."

"सगळ्यांनी नाही म्हटलं होतं ना? बिमार मानसाले माफ असते, मौलानासाहेबबी म्हनाले."

"माफ हाय, मले मालूम हाय." अम्मीचा आवाज एकदम खाली आला. "बेटा, मी तेरा वर्षांची होती तवापासून एकदाबी सलग तीस नाही झाले माहे. बाईचे होतच नाहीत. दर साली पाळीत सहा-सात सुटते, मंग वर्षभर एकटीनं त्या सुटलेल्यांची कझा भरत बसा. मागच्या साली तर रक्त थांबतच नव्हतं, एक रोजा नाही झाला. आता पिशवी गेली. अंग कोरडं झालं. मले वाटलं, आता तरी एक रमजान पुरा माहा."

  केशरबाई वारा घ्यायच्या थांबल्या.

अमरीन अम्मीच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "अम्मी, यंदाचे जानेवारीत ठेवू. दिवस लहान, थंडी, तहानबी लागत नाही. तीसच्या तीस, सलग. मी ठेवते तुह्यासंगं."

"तुले सलग तीस जमतील?"

"मले मधी सुट्टी लागन," अमरीन कॉरिडॉरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पन तू थांबू नको, तू आपली पुढं चाल!"

केशरबाई एवढ्या जोरात हसल्या की कंपाउंडरने मान वर केली. "बाप्पा, लय तेज हाय वं हे!"

"हळू बोल, बेशरम," अम्मी म्हणाली, पण तिच्या ओठाचा कोपरा हलला होता.

"जानेवारीपर्यंत तू पायजे ना अम्मी," अमरीन आता खरंच हळू म्हणाली. "कोनासंगं ठेवू मी?"

अमरीनने नळावरून बाटली पुन्हा भरून आणली, तिच्याकडे अम्मी पाहत राहिली. "तू रोज्यात, अन् तुह्यासमोर मी पानी पिऊ?"

"पी. मी पाहतेच हावो."

नसीमबानोने ओढणी डोक्यावर नीट घेतली, बिस्मिल्लाह म्हटलं आणि प्यायली. घोट घोट करत, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत. मग डोळे पुसले. 

नेमका त्या दिवशी आतला पेशंट लांबला. पाऊण तासाचा सव्वा तास झाला. अम्मी बाकावरून उठे, बसे, पायावर पाय घाली. "अल्ला, लवकर बोलाव म्हना त्या मशीनवालीले!" केशरबाई म्हणाल्या, "धर माय, धर, मी रोज धरते."

शेवटी नाव पुकारलं. दार बंद झालं. अमरीन दाराला कान लावून उभी. आतून ललिताताईंचा आवाज आला, "मावशी, आज टम्म भरलीय! हलू नका."

शेक चालू झाल्याचा दारावरचा लाल दिवा लागला. अम्मीसाठी, तीन दिवसांत पहिल्यांदा.

बाहेर आल्यावर नसीमबानो कुणाकडे न बघता जवळजवळ पळतच बाथरूमकडे गेली. परतीला स्टेशनवर बाकावर टेकताना म्हणाली, "दवाखान्यातलं पानी लय मचूळ हाय. उद्या घरून माठाचं भरून घेजो. मोठी बाटली."