साक्षीच्या यादीतलं नाव

बारावीचा निकाल लागला की आमच्या लोणावळ्याच्या चर्चमध्ये पुढचा रविवार विद्यार्थ्यांचा. पास झालेली मुलं पुढे येऊन साक्ष देतात, देवाने कसं तारलं ते सांगतात, मग पेढे. नापास झालेली त्या दिवशी येत नाहीत. येऊ नका असं त्यांना कुणी सांगत नाही, तरी ती येत नाहीत. बावीस वर्षं साक्षीची यादी मी करते. "आपण अभ्यास करायचा, बाकी देवाची कृपा," हे माझं भाषणही तितकंच जुनं.

यंदाचा घोळ माझा. उपासनेचे कागद निकालाआधीच छापून घेतले आणि साक्षीखाली कोमलचं नाव टाकून मोकळी झाले. मी निवृत्त शिक्षिका. गेल्या वर्षी ती फिजिक्समध्ये नापास झाली, म्हणून वर्षभर रोज संध्याकाळी मीच तिला शिकवलं. पोरीने जीव तोडून अभ्यास केला. मग नाव टाकायला काय हरकत, असं मला वाटलं. माझ्या शिकवण्याचा मला भारी गर्व.

सोमवारी निकाल लागला. कोमल पुन्हा फिजिक्समध्येच नापास.

मी तिच्या घरी गेले. धीर द्यायला म्हणून वाटेत किती काय काय जुळवलं होतं, दारात पोचले आणि सगळं विसरले. कोमल फरशी पुसत होती. तिची आई सारिका मूळची आंबीची, इथे लोकांच्या बंगल्यांत स्वयंपाक करते. ती कामाला गेलीच नव्हती.

"बाई, आमी कुटं कमी पडलो वो?" तिने विचारलं. "पोरीनं रातन्‌दिस अभ्यास केला. मी उपास धरला, गुडघं टेकलं. मंग द्येवानं ऐकलं का न्हाई?"

मला माहीत नव्हतं. आणि माहीत नाही एवढं सांगायचीसुद्धा माझी हिंमत झाली नाही. मी आपली भलतंच बोलले, "कोमल, या रविवारी नाही आलीस तरी चालेल."

"येते ना बाई. मागे बसेन."

"नको गं. कागदावर नाव आहे तुझं. लोक विचारतील."

तिचा हात थांबला. "बरं," म्हणाली.

घरी येऊन चर्चच्या पाळकसाहेबांना फोन केला. कोमलला ताप आहे, येणार नाही, असं सांगून टाकलं. त्यांनी निकालाचं विचारलं, तर म्हटलं, अजून कळला नाही. एका दमात दोन थापा.

रविवारी पास झालेल्या सत्यमने साक्ष दिली. एक्क्याऐंशी टक्के, टाळ्या. मग पाळकसाहेब म्हणाले, "आपली कोमल तापाने आजारी आहे. तिच्यासाठी प्रार्थना करू या." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली, पण डोळे मिटवेनात. म्हणून ती मला सगळ्यांच्या आधी दिसली. मागच्या दारात आईचा हात धरून उभी होती. अख्खी मंडळी तिच्या तापासाठी प्रार्थना करत होती आणि ती ऐकत होती. उठावं, तिला बाहेर न्यावं, असं फार वाटलं. बसूनच राहिले.

प्रार्थना संपली तशी ती सरळ पुढे आली.

"मला ताप नाही आला," ती म्हणाली. "मी नापास झाले. दुसऱ्यांदा. देवाने कसं तारलं ते मला सांगता येणार नाही, मला काहीच कळत नाहीये. आज दुसरीकडे कुठे जावं ते सुचेना, म्हणून आले."

तिने माझं नाव घेतलं नाही. टाळ्या वाजवाव्यात की नाही, कुणालाच कळेना. पाळकसाहेबांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं. "इंदिराबाई, मुलांसाठी प्रार्थना करा."

ही प्रार्थना दर वर्षी मीच करते, तोंडपाठ आहे. कोमलच्या शेजारी जाऊन उभी राहिले, "प्रभू" म्हणाले, आणि पुढचं येईचना. पुन्हा "प्रभू" म्हणाले. बाकांवरून कुणीतरी खाकरलं.

"प्रभू, हिला ताप नव्हता," मी म्हणाले. "मला हिची लाज वाटली, म्हणून मी खोटं बोलले. आता तुझ्याकडे काय मागावं ते मला कळत नाही. दया कर."

मी तशीच उभी राहिले. बराच वेळ कुणी आमेन म्हणेना.

मग शेजारून कोमल म्हणाली, "आमेन."