बुधवारची आमटी

“सगळ्याला चाळीसनं भागलंय पोरीनं,” साराबाई कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरून म्हणाल्या. “एकशेसाठ जणींची आमटी चार माणसांवर आणलीय. मसूर एक वाटी, मीठ पाऊण चमचा, तिखट... हे काय, अर्ध्याच्याही अर्धा चमचा.”

“मग बराबर हाय की.” लंकाबाई स्टुलावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांना ना कागद वाचता येत होता ना भागाकार, पण मोनिका शाळेत शिकवते म्हटल्यावर तिचं चुकेल कसं, असं त्यांचं सरळ गणित होतं.

“कसलं बरोबर? मिठाला भागाकार कळत असता तर बँकेतले साहेब आचारी झाले असते.”

साराबाईंच्या भिंगारमधल्या दोन खोल्यांत आठवडाभर हा उद्योग चालला होता. नगरच्या ज्या मिशनच्या वसतिगृहात साराबाईंनी एकतीस वर्षं मुलींचा स्वयंपाक केला, तिथल्या जुन्या मुली पाककृतींचं पुस्तक काढत होत्या. पुस्तक सगळं साराबाईंचं. पहिल्याच पानावर त्यांचा पदर खोचलेला फोटो. पाककृती त्यांनी फोनवर घमेल्यांनी आणि पातेल्यांनी सांगितल्या, त्या मुलींतल्याच मोनिकानं त्या वाटी-चमच्यांत बसवल्या आणि छापण्याआधी एकदा घरी करून बघा म्हणून कागद आणून दिले. आज संध्याकाळी सहाला ती केडगावहून ते न्यायला येणार होती. उद्या पुस्तक छापखान्यात जायचं होतं.

मदतीला लंकाबाई होत्या. बावीस वर्षं त्याच स्वयंपाकघरात पलीकडच्या चुलीवर त्या भाकरी थापत होत्या. दोघींची मैत्री घट्ट, पण तिच्यात एक मुख्य होती आणि एक हाताखालची. नोकरी सुटून आठ वर्षं झाली तरी ती पायरी काही सुटली नव्हती. त्या स्वयंपाकघरात फक्त देवाचं आणि साराबाईंचं चालायचं, आणि देव सहसा मध्ये पडत नसे. पातेल्यातलं पहिलं थेंबभर कालवण साराबाई आपल्या तळहातावर घेत, चाटत, आणि “झालं” म्हणत. त्याआधी कोणी पळीला हात लावायचा नाही, असा नियम होता.

खीर जमली, दोडक्याची भाजी जमली, शेंगदाण्याची चटणी तर पहिल्याच फटक्यात. राहिली होती फक्त बुधवारची आमटी. नातवंडं झालेल्या मुली अजून फोन करून विचारत, “मावशी, त्या आमटीत काय घालायचात हो?” साराबाई हसून म्हणत, “काही नाही गं, मुरू द्यायची.” तेच कागदावर शेवटच्या ओळीत छापलं होतं: दहा मिनिटं झाकून मुरू द्यावी.

पहिली आमटी अकरा वाजता झाली. कागदात लिहिल्याबरहुकूम. साराबाईंनी तळहातावर घेतली, चाटली आणि तोंड वाकडं केलं.

“अळणी.”

दुसऱ्या वेळी त्यांनी भागाकार गुंडाळून ठेवला आणि हाताच्या अंदाजानं तिखटमीठ घातलं. आमटी चांगली झाली. कोणाच्याही घरी होते तितकी चांगली. बुधवारची मात्र झाली नाही.

तिसरीला त्यांनी काळा मसाला बदलला, खोबरं जास्त भाजलं, झाकण ठेवून घड्याळ लावून दहा मिनिटं बसल्या. एरवी लंकाबाईंच्या तोंडाला कुलूप नसे. आज त्या नुसत्या झाकणाकडे बघत होत्या.

साराबाईंनी चव घेतली. पुन्हा घेतली. मग पळी ओट्यावर ठेवली आणि पदराला हात पुसले.

“माझा हात गेला, लंका.”

“असं काय बोलता?”

“खरं तेच बोलते. एकतीस वर्षं केली ती आमटी, आज येत नाही. म्हातारी झाले. मोनिका आली की सांगते, हे पान काढून टाक. आणि खरं सांगू का, तो फोटोही काढ म्हणणार आहे. ज्या बाईला स्वतःची आमटी येत नाही तिचा फोटो कशाला?” नवरा गेला तेव्हाही चारचौघांत न रडलेली ही बाई, आणि आता वाटीभर मसुरासाठी तिचे डोळे पाणावले.

लंकाबाईंनी लसणाची सालं गोळा केली, डब्यात टाकली, उगाच ओटा पुसला. मग भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, “हात न्हाई गेला तुमचा. तुमची आमटी हीच हुती. अशीच.”

“म्हंजे?”

“मी टाकायची त्यात.”

“काय टाकायचीस?”

“करपलेल्या भाकरीचा चुरा.”

साराबाई वळून पातेल्यात डोकावल्या.

“माझ्या पयल्याच साली डाळ कमी आल्ती. बुधवार हुता, बाजरीच्या भाकरी हुत्या. पंगतीच्या टोकाला बारक्या पोरी बसायच्या, त्यांच्या ताटात नुसतं पानी जायचं. आन माझ्याकडनं धा-बारा भाकरी रोजच करपायच्या. तुमी रागवताल म्हनून मी त्या चुलीमागं लपवायची. त्या दिशी कुस्करल्या आन टाकल्या. आमटी दाट झाली, पोरी लई आवडीनं जेवल्या. मग दर बुधवारी टाकायला लागली.”

“पण मी तर तिथंच असायचे.”

“तुमी ‘झालं’ म्हनून पोरींसंगं प्रार्थनेला जायचा. डोळे मिटून उभ्या ऱ्हायचा. तेवढ्यात.”

साराबाई खुर्ची ओढून बसल्या. प्रार्थनेहून आल्या की सगळ्यांत शेवटी त्या जेवत, आणि दर बुधवारी पहिल्या घासाला मनाशी म्हणत, कशी मुरली बघ. बावीस वर्षं. आधी राग आला, तो चांगला सणसणीत आला. आपल्या पातेल्यात, आपल्या माघारी, आपल्याला न विचारता.

“सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर टाकू दिला असता?”

साराबाईंना ठाऊक होतं, टाकू दिला नसता. वर करपलेल्या भाकरींचा हिशेब मागितला असता. लंका आज गप्प राहिली असती तर आपण मरेपर्यंत हात गेला म्हणून झुरलो असतो, हेही त्यांच्या ध्यानात आलं आणि राग हळूहळू उतरला.

“मोनिकाला काय बी सांगू नका,” लंकाबाई घाईनं म्हणाल्या. “कागदावर नुसतं लिवा, चुरा टाकावा म्हनून. आमटी तुमचीच हाय. आता नाव कशाला बिघडवायचं?”

तसं करता आलं असतं. कोणाला कळलं नसतं. साराबाई मिनिटभर तसंच करायचं ठरवून बसल्या, खोटं कशाला सांगायचं. मग उठल्या आणि बाजरीच्या पिठाचा डबा काढून लंकाबाईंपुढे ठेवला.

“थाप एक.”

लंकाबाईंनी थापली. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, पापुद्रा फुगला. सवयीनं त्यांचा हात उचलायला गेला.

“राहू दे,” साराबाई म्हणाल्या. “करपू दे.”

जन्मात पहिल्यांदा साराबाईंनी भाकरी करपू दिली. ती जळत असताना त्या चष्मा लावून कागदावर वाकल्या. शेवटची ओळ खोडली, तिच्याखाली नवी लिहिली. मग वर जिथं त्यांचं एकटीचं नाव छापलं होतं तिथं पेन टेकवून थांबल्या.

“लंका, तुझं पूर्ण नाव काय गं?”

बावीस वर्षं आणि वर ही आठ. विचारताना त्यांनाच लाज वाटली. हजेरीपटावर नुसतं ‘लंकाबाई, भाकरी’ असायचं आणि पुढे अंगठा.

“लंका पुंजाराम गर्जे. पुंजाराम म्हंजे माझा बाप. त्याचंच लिवा. नवऱ्यानं काय मला भाकरी शिकवली न्हाई.”

साराबाईंनी सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं. लंकाबाई शेजारी येऊन पेनाच्या टोकाकडे बघत राहिल्या. पेन थांबलं तेव्हा म्हणाल्या, “एवढं लांब हाय व्हय माझं नाव?”

“एवढंच आहे.”

भाकरीचा चतकोर कुस्करून कढत आमटीत पडला आणि खोलीभर तो वास पसरला, करपलेल्या बाजरीचा आणि लसणाचा. साराबाईंनी डोळे मिटले. वसतिगृहाच्या जेवणाच्या हॉलमधल्या बाकांचा आवाजच तेवढा यायचा राहिला होता. त्यांनी पळी बुडवली, वर काढली, फुंकली.

“हात पुढं कर.”

“मी? आदी तुमी बघा.”

“कर म्हणते ना.”

लंकाबाईंनी पीठ लागलेला तळहात पुढे केला. साराबाईंनी त्यावर थेंबभर आमटी ओतली आणि पळी हातात धरून उभ्या राहिल्या. लंकाबाईंनी चाटली. दारातून बाहेर बघत त्यांनी बराच वेळ घेतला.

“मीठ वाईच कमी हाय,” त्या म्हणाल्या.

साराबाईंनी मिठाची बरणी काढून आणली.