हिरव्या पेटीतली गाठ

मित्रांनो, पेटीला झाकण असतं, कडी असते, बिजागऱ्या असतात. जीभ तेवढी नसते. मी अशीच एक जुनी, हिरव्या रंगाची पत्र्याची पेटी आहे. एका कोपऱ्याला पोचा आहे आणि कडी गंजून तांबडी झाली आहे. माझी जागा एका चार माणसांच्या विमानात, अगदी मागे, शेपटीकडे. विमान नेनाना गावच्या ऑस्कर त्वाइट यांचं.

ऑस्करांनीच मला घडवलं. तेलाच्या पिंपाचा पत्रा कापला, ठोकला, कडा दुमडल्या, हात कापू नये म्हणून घासल्या. तेव्हा आमच्या अलास्कात कायदाच होता की लहान विमान उडवायचं, तर रानात अडकल्यावर जगण्याची सोय बरोबर हवी. ऑस्करांच्या बायकोने, मारितबाईंनी, ती यादी आपल्या गोल अक्षरात लिहून माझ्या झाकणाला आतून चिकटवली. अन्न दोन आठवड्यांचं. कुऱ्हाड. सुरी. काड्यापेट्या दोन. डासांची जाळी. मासे धरायचं जाळं. आणि बंदूक एक. होय मित्रांनो, तेव्हा ती जवळ नसणं हा गुन्हा होता.

ऑस्करांनी आखूड नळीचं एक रिव्हॉल्व्हर आणलं. आकाशात ते माझ्या पत्र्यावर खडखडायचं.

"अहो, दर वेळी मला वाटतं इंजिनच निखळलं," मारितबाई म्हणाल्या. "थांबा, त्याला अंगडं घालते."

त्यांनी ते तेलकट फडक्यात गुंडाळलं, फडकं जाळ्यात गुंडाळलं आणि वरून आपली तिपेडी गाठ मारली. मारताना गुणगुणल्या,

बांधिते मी बाई जाळं, गाठीवर गाठ देते,
आभाळीची माझी माणसं भुईला धरून ठेवते.

त्या दिवसापासून ते कधी खडखडलं नाही. ते तिथे आहे हेही हळूहळू सगळे विसरले. मी मात्र विसरले नाही. पोटातलं ओझं पोट कसं विसरेल?

एका मार्चमध्ये विमान बिघडलं आणि गोठलेल्या नदीवर उतरलं. चार दिवस तिघं माझ्या पोटातल्या डब्यांवर आणि काड्यांवर जगली. बंदुकीची गरजच पडली नाही. त्यांची छोटी लेक सिग्ने माझ्यावर बसून पाय हलवत बिस्किटं खायची. सुटका झाल्यावर ऑस्करांनी माझ्या झाकणावर थाप मारली. "शाब्बास गं बये!" तेवढ्या एका शाबासकीवर मी तीस वर्षं काढली.

पुढे कायदा बदलला, यादीतून बंदूक गळली. माझ्या झाकणावरची ओळ कुणी खोडली नाही. मारितबाईही गेल्या. सिग्ने आता स्वतः विमान चालवू लागली होती. दर वसंतात ती मला गवतावर रिकामी करायची, काड्या बदलायची, डब्यांवरच्या तारखा बघायची. जाळ्याचं गाठोडं मात्र हातात घ्यायची, गाठीवरून अंगठा फिरवायची आणि परत ठेवायची. "आईची गाठ आहे. राहू दे." जाळ्याला शिशाचे मणी होते, म्हणून जडपणाचंही तिला नवल वाटलं नाही.

या जूनमध्ये आमच्याच अलास्कातल्या, समुद्रकाठच्या हेन्सहून फोन आला. ऑस्करांचे धाकटे भाऊ एइनार अखेरच्या घटका मोजत होते. डॉक्टर म्हणाले, आज-उद्या. समुद्राकडून ढगांनी वाट अडवली होती. एकच रस्ता उरला, शेजारच्या देशावरून, तिथल्या व्हाइटहॉर्सला उतरून. तिकडे या विमानाने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

सिग्नेने सगळं रीतसर केलं. आधी फोन करून येण्याची वेळ कळवली. अस्वलासाठीची लांब बंदूक रिकामी करून कुलपात घातली, तिचा अर्ज भरला, सही तेवढी अधिकाऱ्यासमोर करायची म्हणून कोरी ठेवली.

"बाबा, आणखी काही हत्यार आहे का विमानात? नीट आठवा. पिस्तूल-बिस्तूल तिकडे अजिबात चालत नाही."

"माझी जीभ आहे की! तुझी आई म्हणायची, हिलाच परवाना काढा."

"चेष्टा पुरे हं."

"नाही गं पोरी. तुझी ती एक बंदूक. बास."

ते खोटं बोलत नव्हते. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या डोक्यातून एक गाठोडं निसटलं होतं, एवढंच. मी काय करणार? वाऱ्याने विमान हेलकावलं तेव्हा मी जीव खाऊन धडकले, आदळले. सिग्ने मागे वळली. "पेटीचा पट्टा सैल झालाय वाटतं. बाबा, तेवढा आवळा." ऑस्करांनी मला घट्ट आवळलं.

खाली जंगलात भांग पाडावा तशी सरहद्दीची सरळ रेघ आली आणि गेली. रेघेच्या अलीकडे मी एक जुनी पेटी होते. पलीकडे गेले आणि माझ्या पोटात गुन्हा होता.

व्हाइटहॉर्सला सरहद्दीच्या तपासणीवरच्या, लावाले नावाच्या तरुण अधिकारी बाई आल्या. त्यांनी लांब बंदूक पाहिली, सिग्नेची सही घेतली. हसून म्हणाल्या, "सगळे तुमच्यासारखे अर्ज भरतील तर मला जेवायला वेळ मिळेल. त्या पेटीत काय?"

"रानातली सोय. काड्या, डबे, जाळं."

त्यांनी मला उघडलं. यादी वाचली. शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"बंदूक एक?"

"जुनी यादी आहे ती. आईने लिहिलेली."

बाईंनी गाठोडं उचललं, हातात तोललं, चाचपलं. हसू मावळलं. खिशातून कात्री निघाली.

"कापू नका!" सिग्ने म्हणाली. "तुमच्यासमोर मी सोडते."

बाई जवळ सरकून उभ्या राहिल्या. सिग्नेची बोटं तीनदा फिरली. गाठ सुटली. जाळं उलगडलं आणि तेलकट फडक्यातून ते रिव्हॉल्व्हर माझ्या तळावर पडलं. इतक्या वर्षांनी पुन्हा खडखडलं.

ऑस्करांनी डोळे मिटले. "मारितने अंगडं घातलं होतं," ते पुटपुटले. "बाई, ते माझं. पोरीला ठाऊक नाही."

"आजोबा, मी मानते हो. पण मला कागदच धरून चालावं लागतं."

"विमान मी चालवत होते," सिग्ने म्हणाली. "आत जे असेल ते माझ्याच माथी."

"पोलीस येईपर्यंत दोघांना थांबावं लागेल. विमान तर इथून हलणार नाही."

"तोवर एइनार थांबेल?" ऑस्करांनी विचारलं.

हेन्स तिथून तासाभराच्या उड्डाणावर होतं.

लावालेबाईंनी रिव्हॉल्व्हर ताब्यात घेऊन मला खाली धावपट्टीच्या कडेला ठेवलं होतं. ऑस्कर माझ्यावरच बसले. बाईंनी हेन्सला जोडून आपला फोन त्यांच्या हातात दिला. पलीकडे नर्सने तिकडचा फोन एइनारांच्या कानाशी धरला.

"एइनार, मी आलोय रे. हे डोंगर तेवढे मध्ये राहिलेत." ऑस्करांचा दुसरा हात माझी कड घट्ट धरून होता. "तुझ्या वहिनीने अडवलं बघ. तू म्हणायचास ना, हिची गाठ देवालाही सुटायची नाही? हसतोयस का? हस की रे."

फोनमधून श्वास येत होता. मग तो येईना. मग नर्सचा आवाज आला.

पोलीस अजून वाटेतच होते.

मित्रांनो, आता मी एका कार्यालयाच्या फळीवर आहे. माझ्या कडीला क्रमांकाची चिठ्ठी आहे. सिग्नेची चौकशी चालू आहे. मला एकच सांगायचं आहे. रेघ ओलांडण्याआधी तुमची पेटी तळापर्यंत उपसा. कायदा दोन्हीकडे वेगळा असतो, आणि एकाच ठिकाणीही तो कालचा आज राहत नाही. आवडत्या माणसाने मारलेली गाठ असेल, तरी सोडून बघा.

सिग्नेला ती गाठ मारता येत होती. तिच्या आईनेच शिकवली होती. दर वसंतात ती सोडून पुन्हा तशीच बांधता आली असती.