पंधरा नंबरचा बिल्ला

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फळी आहे. फळीची ती काय कहाणी, असं म्हणून नाक मुरडू नका. एके काळी माझ्याकडे पाहिल्याशिवाय आमचं ‘ऑगस्टा’ जहाज जागचं हलत नसे.

कप्तानाच्या केबिनचं दार मोडकळीला आलं, तेव्हा सुतार एल्मरने त्यातून मला कापून काढलं. रंधा मारला, चाळीस खिळे ठोकले आणि प्रत्येकावर नंबर घातलेला एक गोल बिल्ला अडकवला, एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने लाल. जहाजावरच्या पाहुण्यांनी किनाऱ्यावर उतरताना आपला बिल्ला लाल करायचा, परतल्यावर पांढरा. सगळे पांढरे झाले की निघायचं. अलास्काच्या खाड्यांत मी चोवीस उन्हाळे काढले. पण हिमनदी पाहिली नाही की अस्वल पाहिलं नाही. बाजूच्या दाराशी, ओल्या गमबुटांच्या वासात, मी फक्त जाणारी आणि येणारी माणसं पाहिली.

कप्तानाच्या हाताखालची अधिकारी सिग्रिड मला फार जपायची. पहिल्याच दिवशी ती सगळ्यांना बजावायची, “ज्याचा बिल्ला त्यानेच उलटवायचा. नवऱ्याचा बायकोने नाही, पोराचा आईने नाही. आणि विसरलो म्हणायचं नाही.”

एका वर्षी अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून डेकर कुटुंब आलं होतं. म्हातारे हार्लन, त्यांची मुलगी मार्लिस आणि नऊ वर्षांची नात विनी. मार्लिस म्हणजे घाईचं दुसरं नाव. बापाचं जाकीट तीच बांधायची, आणि जाता-येता त्यांचा चौदा नंबरचा बिल्लाही तीच उलटवायची.

“अगं, चाळीस वर्षं ट्रॅक्टर हाकला मी. एवढी चकती फिरवता येणार नाही होय मला?” हार्लन म्हणायचे.

“येईल हो बाबा. पण तुम्हाला दुपार होईल.”

पण ती विनीचे बूट चढवायला वळली की हार्लन हळूच मागे राहायचे आणि चौदाच्या शेजारचा पंधरा नंबर दोन बोटांनी लाल करायचे. परत आल्यावर तोच पांढरा. ही सहल वर्षभर आधी दोघांच्या नावाने ठरली होती. पंधरा नंबर त्यांच्या बायकोचा, लव्हॉनचा. ती फेब्रुवारीत गेली, पण जहाजाच्या यादीतून तिचं नाव कुणी काढलंच नव्हतं. मला हे त्यांच्या पुटपुटण्यावरून कळलं. “चल, बाई, फिरून येऊ,” असं त्या बिल्ल्याला म्हणायचे.

चौथ्या दिवशी पाऊस लागला. सगळे एका लांबलचक किनाऱ्यावर गेले होते. विनी कमरेपर्यंत भिजली म्हणून मार्लिस तिला घेऊन पहिल्या होडीने परतली. बाबा दुसऱ्या होडीने येतील, असं तिने धरलं. दुसऱ्या होडीवाल्याने धरलं, म्हातारबाबा मुलीबरोबर गेले असतील. दुसरी होडी रिकामी झाली, दाराशी गर्दी उडाली, आणि टॉवेल घ्यायला आलेल्या मार्लिसला चौदा नंबर लाल दिसला.

“बघ, विसरलेच,” ती म्हणाली आणि तिने तो पांढरा केला.

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड हवं होतं. हार्लन या दारातून आत आलेच नव्हते, हे मला एकटीलाच ठाऊक होतं. बाहेर भरती चढत होती आणि नांगराची साखळी खडखडू लागली होती.

सिग्रिड नेहमीप्रमाणे शेवटची नजर टाकायला आली आणि थबकली. एक बिल्ला लाल होता. तिने यादी काढली.

“लव्हॉन डेकर कुठे आहेत?”

मार्लिस वळली. “आई? आई तर फेब्रुवारीत गेली.”

“मग पंधरा नंबर कुणी उलटवला?”

“आजोबांनी,” टॉवेलमधून विनी म्हणाली. “ते रोज आजीला नेतात.”

“आणि आजोबा कुठे आहेत?”

मार्लिस धावत केबिनपर्यंत जाऊन आली. “बाबा तिथे नाहीत!” साखळी थांबली आणि होडी पुन्हा पाण्यात गेली. अर्ध्या तासाने हार्लन दारात उभे राहिले, नखशिखांत भिजलेले. कानातलं यंत्र पावसाने खराब होईल म्हणून खिशात ठेवलं होतं, त्यामुळे हाका ऐकू आल्या नाहीत. एका ओंडक्याआड बसून ते सँडविच खात होते. पाणी ओंडक्याला लागलं होतं, आणि एक अस्वल हाकेच्या अंतरावर गवत चरत होतं.

“माझं चुकलं, बाबा,” मार्लिस रडत म्हणाली. “मी बघितलंच नाही.”

“असू दे गं. तुझ्या आईने बघितलं ना.”

त्यांनी पंधरा नंबर पांढरा केला. सिग्रिडने चौदा नंबर मुद्दाम पुन्हा लाल केला आणि म्हणाली, “आता हा तुमचा तुम्ही.” मार्लिसचा हात सवयीने पुढे आला होता, तिने तो मागे घेतला. गारठलेल्या बोटांना वेळ लागला, पण सगळे थांबले.

शेवटच्या दिवशी उतरताना हार्लननी आपला बिल्ला लाल केला. पंधरावर त्यांचा हात थोडा रेंगाळला. मग ते सिग्रिडला म्हणाले, “हिला इथेच राहू दे. हिला जहाज आवडलं असतं.”

आता दाराशी कार्ड दाखवलं की टुंग वाजणारं यंत्र आलं आहे. मी स्वयंपाकघरात असते आणि माझ्या खिळ्यांवर कप लटकतात. मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण यंत्र असो की फळी, मित्रांनो, आपलं माणूस आलंच असेल असं धरून निघू नका. मागे वळून त्याचा चेहरा बघा, मगच नांगर उचला.

पंधराव्या खिळ्यावर मात्र कप नाही. नव्या आचाऱ्याने एकदा तिथला बिल्ला काढून कप अडकवला होता. सिग्रिडने काही न बोलता तो काढला, बिल्ला पुन्हा जागेवर लावला आणि पांढरी बाजू वर आहे ना, ते पाहिलं.