डावी शिवण

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता बाळापुरात, यास्मीनच्या शेडमध्ये, अनुपने एका कापडी फरिश्त्याचं पोट ब्लेडने फाडलं आणि रुईतून एक सरकी टेबलावर पडली.

करडी, अंगावर थोडी लव राहिलेली. अनुपने ती नखाने पुढे ढकलली.

"हे काय हाय?"

"सरकी," यास्मीन म्हणाली.

"ते मलेबी दिसून राहिलं. आत कशी आली?"

रुई अकोल्याच्या जिनिंगमधून यायची. तिथे सरकी आधीच वेगळी होते, नंतर मशीनवर रुई पिंजली जाते. तिच्यात बी राहणं म्हणजे दळलेल्या पिठात अख्खा गहू निघण्यासारखं होतं.

अनुप अमरावतीचा व्यापारी. नांदगाव पेठेत त्याचं गोदाम. वऱ्हाडातल्या लहान-लहान कारागिरांकडून तो नाताळाच्या झाडाला टांगायच्या वस्तू बनवून घ्यायचा. यास्मीनचे चांदणी, मेंढरू आणि फरिश्ता आजवर पुण्या-गोव्यापर्यंत जात. यंदा पहिल्यांदा परदेशात जायचे होते. माल जहाजाने जायचा, म्हणून बाळापुरात नाताळ सप्टेंबरातच येऊन बसला होता. बाहेर घामाच्या धारा, आत लाल-पांढऱ्या कापडाचे ढीग.

"बाहेरच्या देशात बी चालत नाई. बंदरात सापडलं का कंटेनर वापस," अनुप म्हणाला. "त्यात दुसऱ्यायचाबी माल असते. शनिवारी गाडी घेऊन येतो. हाताला येईल तो खोका फोडीन. एक जरी निघाली, तर माल तुमचा तुमच्यापाशी."

तो गेल्यावर शेडमधल्या बायका यास्मीनकडे पाहत राहिल्या. माल पडून राहिला तर काय होईल, हे त्यांनाही ठाऊक होतं. शेड सासऱ्यांच्या नावावर होतं, आणि त्यांच्या धाकट्या भावाला ते टाइल्सच्या गोदामासाठी हवं होतं. यंदाचा हंगाम पार पडला तर शेड यास्मीनचं, नाही तर त्याचं, असं घरात ठरलं होतं.

सत्यभामाबाईंनी फाडलेला फरिश्ता उचलला. त्या हातशिलाईवर बसत. नसीमबानोची, म्हणजे यास्मीनच्या सासूची, जन्माची शेजारीण. पहिल्यांदा फरिश्ता शिवला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, याले पाय काहून नाई? नसीमबानो म्हणाली होती, उडते तो, पाय कायले पाहिजे. त्यावर दोघी खोकला येईपर्यंत हसल्या होत्या.

आता त्या हसत नव्हत्या. त्यांनी फरिश्त्याची पाठ यास्मीनपुढे धरली.

"शिवण पाह्य."

पोट भरल्यावर पाठीवरची फट हाताने शिवून बंद करतात. उजव्या हाताने घातलेले टाके एकीकडे कलतात, डाव्या हाताने घातलेले दुसरीकडे. हे टाके डावीकडे कललेले होते.

शेडमध्ये डावखुरं कोणी नव्हतं. घरात होती ती एक नसीमबानो, आणि ती रमजानच्या आधी वारली.

हे घर पिंजाऱ्यांचं. सासरे अब्दुल रहीम तरुणपणी खांद्यावर पिंजण घेऊन हिवरखेडपर्यंत गावोगाव फिरत आणि लोकांच्या गाद्या-रजया भरून देत. शिलाई नसीमबानोची. शेवटचा कोपरा बंद करण्याआधी ती आत एक सरकी टाकायची, प्रत्येक रजईत, प्रत्येक उशीत. त्याशिवाय रुईला आपण कुठून आलो ते आठवत नाही, ती घरात नांदत नाही, आणि मग पांघरणाऱ्याला झोप लागत नाही, असं तिचं म्हणणं. गिऱ्हाइकंही मागून घेत. मागच्या वर्षी ती फरिश्त्यांतही सरकी टाकायला लागली, तेव्हा यास्मीनने तिच्या हातातली सुई काढून घेतली आणि तिला दोरे गुंडाळायला बसवलं. म्हातारीने भांडण केलं नाही.

"मंग ते रिकामे जातीन, बेटी," एवढंच म्हणाली.

सोमवारपासून सगळा माल पुन्हा तपासायला घेतला. प्रत्येक नग दोन बोटांत दाबून पाहायचा. आधी पाठ पाहायची, आणि टाके डावीकडे कललेले दिसले की दाबायचीही गरज नसे. सरकी तिथेच, फटीच्या अगदी खाली. यास्मीन नग उसवायची, बी काढायची, स्वतःच्या हाताने पुन्हा शिवायची. काढलेल्या सरक्या स्टीलच्या वाटीत पडत.

बुधवारी तिने सत्यभामाबाईंना बाजूला घेतलं.

"मावशी, खरं सांगा. अम्मीची आठवण म्हणून कोणी करून राहिलं का?"

"कोणी म्हंजे मी?"

"मी तसं नाई म्हटलं."

"मंग कसं म्हटलं? डाव्या हातानं मले घास नाई घेता येत अन् शिवण काय घालू?" त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला. "तिच्या मयतीले मी रडलो, तू नाई रडली. तू खोके मोजत होती. आता माह्यावर शक घेऊन राहिली."

त्या गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बाकीच्या बायकांनीही घरची कामं काढली. कोणी भीतीचं नाव घेतलं नाही. एकीचा भाऊ यायचा होता, दुसरीच्या अंगात कणकण होती.

यास्मीन एकटीच बसली. तयार माल ती मागच्या खोलीत ठेवी. खोलीला एकच दार, खिडकी नाही. कुलूप लावून किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात अडकवी.

शुक्रवारी दुपारी ती वाटी घेऊन सासऱ्यांकडे गेली. अब्दुल रहीम खाटेवर होते. हात इतके कापत की चहाचा कप दुसऱ्याने धरावा लागे. त्यांच्यावर संशय घ्यायची सोयच नव्हती.

"अब्बा, हे फेकून देऊ?"

त्यांनी वाटीत बोट फिरवलं.

"उसकी चीज है," ते म्हणाले. "तुले फेकता येते का पाह्य."

तिला फेकता आलं नाही. तिने वाटी मागच्या खोलीतल्या कोनाड्यात ठेवली, वर बशी झाकली. मग शेवटच्या चांदण्या शिवल्या. हिरव्या दोऱ्याचं रीळ संपलं होतं, म्हणून त्या लाल दोऱ्याने बंद केल्या. प्रत्येक दाबून पाहिली आणि खोक्यांत भरली. कुलूप लावलं.

शनिवारी अनुप आला. त्याने मधला एक खोका ओढला, मग तळातला एक. ब्लेडने चांदण्या फाडल्या, मेंढरं फाडली, फरिश्ते फाडले. टेबलावर नुसती रुई जमली, पांढरी, साफ.

"असंच काम सोमवारी दाखवलं असतं तर," तो म्हणाला, आणि चहा घेतला. "तुमच्या बाया कुठी हायेत?"

"सुट्टी देल्ली."

"द्या, द्या. पुढच्या वर्षी डबल माल लागन."

गाडी भरली आणि अकोल्याच्या रस्त्याला लागली. शेड आपलं झालं, हे यास्मीनच्या मनात आलं. ते कोणाला सांगावं म्हणून तिने वळून पाहिलं, तर सगळी स्टुलं रिकामी होती.

संध्याकाळी ती मागची खोली झाडायला गेली. कोनाड्यात वाटी होती, तिच्यावर बशी होती. बशी उचलली. वाटीत एकही सरकी नव्हती.

तिने कोनाडा हाताने चाचपला. झाडू सबंध खोलीत फिरवला. धूळ निघाली, दोऱ्याचे तुकडे निघाले, आणि मांडणीखालून एक चांदणी निघाली. भरताना घरंगळली असावी. लाल दोऱ्याची, म्हणजे शुक्रवारची, तिने स्वतः शिवलेली.

तिने ती उलटी केली. टाके डावीकडे कललेले होते.

तिने चांदणी दाबून पाहिली नाही. ओढणीत बांधली आणि अनुपचा नंबर काढला. सांगितलं तर सगळे खोके परत येणार होते आणि शेड जाणार होतं. नाही सांगितलं, तर बंदरात कोणीतरी ब्लेड लावणार होतं. किंवा लावणार नव्हतं, आणि कुठल्या तरी थंड मुलखातल्या घरात झाडावर ते फरिश्ते टांगले जाणार होते, पोटात बाळापूरची सरकी घेऊन.

फोन लावण्याआधीच वाजला.

"माल उतरवला," अनुप म्हणाला. "गोदामात हाय. सोमवारी सकाळी कंटेनरले सील लागते. तुमचं काही बाकी हाय का?"

"नाई," यास्मीन म्हणाली. मग म्हणाली, "करतो मी फोन उद्या."

रविवारी संध्याकाळपर्यंत तिने फोन केलेला नाही. चांदणी तिच्या उशाशी आहे, न उसवलेली. अब्दुल रहीम सकाळी म्हणाले की खूप दिवसांनी रात्री गाढ झोप लागली.